एमजीबीखाली दोन इंची एक्झॉस्ट: नऊ महिने वापरल्यावर

घाईत असाल तर एवढंच वाचा: दोन इंची पाइप लावू नका, पावणेदोन भरपूर होतो. मी आधी दोन इंची लावला, चार महिने रस्ते खरवडत फिरलो आणि मग मधला भाग कापून पावणेदोनचा केला. एकाच कामाचे पैसे दोनदा मोजले, ३८ हजार गेले.

गाडी १९६७ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. टप उघडणारी, १७९८ सीसी, दोन एसयू कार्बुरेटर. घेतली तेव्हाच खालच्या सायलेन्सरची चाळणी झालेली होती. जुना पाइप दीड इंची. त्याच मापाचा नवा करून घेतला असता तर विषय तिथेच संपला असता. पण गाडी पिटवर चढलीच आहे तर जरा मोठाच करू, ही आपली नेहमीची खाज.

सामान नागपूरच्या इतवारीतून आणलं. जाताना खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो. ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, ४०९ जातीच्या स्टेनलेसला चिकटतो. दुकानदाराने "तीनशेचारच आहे भाऊ" म्हणून पुढे केलेल्या पहिल्याच नळीला तो टक्कन बसला. "काहून भाऊ, इश्वास नाही का?" असं तो म्हणाला खरा, पण दुसरी नळी आतून काढून आणली. ४०९ वाईट नसतं, पुष्कळ कंपन्या तेच वापरतात, पण ३०४ चे पैसे देऊन ते का घ्यायचं?

वेल्डिंग हिंगण्याच्या एमआयडीसीत, आर्गन वायूवर. चाचांचा हात सफाईचा. बाहेरून आर्गन मारताना पाइपाच्या आतही आर्गन भरावा लागतो, नाहीतर सांध्याच्या आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखे काळे खडे धरतात, हे मी सांगण्याआधीच त्यांनी एक टोक टेपने बंद केलं होतं. वळणं मात्र तयार मँड्रेल बेंड (आतून आधार देऊन वळवलेले) आणून जोडा. साध्या बेंडरवर पाइप वळवला की वळणात तो चपटा होतो. मग दोन इंचाचे पैसे देऊन वाट दीड इंचाचीच मिळते.

आता ताकदीचं. दीडाचा दोन इंच केला की पाइपाचं क्षेत्रफळ पावणेदोन पट होतं, हा हिशोब मी मित्रांना मोठ्या तोऱ्यात सांगितला होता. पण इंजिनाच्या हेडकडे बघितलंच नव्हतं. या इंजिनाला सिलिंडर चार असले तरी एक्झॉस्टची दारं तीनच. मधले दोन सिलिंडर एकाच दारातून धूर सोडतात. जिथे दारच सामायिक आहे तिथे पुढचा बोळ किती रुंद करणार? ३००० आरपीएमच्या वर इंजिन मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेवढं खरं. पण २००० च्या खाली पिकअप मंदावला. रामटेकचा गड चढताना पूर्वी तिसऱ्यात निघणारी वळणं आता दुसऱ्यात घ्यावी लागली. मोठ्या पाइपात धुराचा वेग पडतो, त्याचाच हा परिणाम.

खरी रड मात्र जागेची होती. एमजीबी मुळात बुटकी. पाइप वर सरकवायला जागा नाही, कारण वर फ्लोअर आणि गिअरबॉक्स. म्हणजे वाढवलेला अर्धा इंच थेट जमिनीच्या दिशेने जातो. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले आणि गल्ली-रस्त्याच्या सांध्यावर पायऱ्या तयार झाल्या. माझ्या घराच्या कोपऱ्यावर अशी एक आहे. कितीही तिरपी घातली तरी मधल्या पाइपाचं पोट तिथे खर्रकन घासायचं. शेजारचे काका एरवी सकाळी पेपरातून डोकं काढत नाहीत. त्या आवाजाला मात्र दर वेळी वर बघायचे.

डिसेंबरात मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या तुकड्याच्या) फ्लँजखाली पाइपाला तडा गेला. चूक ज्या गॅरेजने पाइप टांगला त्यांची, आणि उभं राहून बघत बसलो म्हणून माझीही. त्यांनी पुढचा ब्रॅकेट बॉडीला पक्का आवळला होता. रेस दिली की इंजिन रबरी माउंटिंगवर कलतं आणि पुढचा पाइपही त्याच्याबरोबर हलायला बघतो. त्याला बॉडीला जखडलं की सगळा ताण एका वेल्डवर येतो. शिवाय ३०४ तापल्यावर माइल्ड स्टीलपेक्षा जास्त लांबतं. अडीच मीटरचा पाइप सरासरी २०० अंशांनी तापला तर आठ मिलिमीटरहून जास्त, त्याच जागी माइल्ड स्टील सहाच्या आसपास. आता पुढचा ब्रॅकेट गिअरबॉक्सवरून घेतलाय, मागचे सगळे हँगर रबरी, आणि फ्लँजला पितळी नट, म्हणजे पुढच्या वेळी खोलताना स्टड तुटायला नको.

थंड गाडीखाली बोट घालून "जागा आहे" म्हणू नका. मी पाइपाला जिथे शंका तिथे खडू फासला, सीटांमागच्या जागेत सिमेंटची दोन पोती टाकली आणि फुटाळ्यापर्यंत चक्कर मारली. परत येऊन बघितलं तर ॲक्सलजवळच्या वळणावर खडू पुसलेला. एमजीबीचा मागचा ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगांवर अख्खा वरखाली होतो, त्यामुळे तिथे बोटभर तरी मोकळं लागतंच.

फेब्रुवारीत गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंतचा भाग पावणेदोन इंची केला आणि त्यात आधी हौसेने वगळलेला मधला सायलेन्सर परत बसवला. टोकाचा भाग दोन इंचीच आहे. खालचा पिकअप बराचसा परत आला. त्याहून मोठं सुख म्हणजे ८० च्या वेगाला, साधारण २८०० आरपीएमवर, कानात भरणारी घूं गेली. टप उघडा असताना ती घूं मर्दानी वाटते. टप लावून मानसरच्या पुढे गेलो तेव्हा बायकोने कानात कापूस घातला होता.

दिसायला छान म्हणून टेलपाइप बंपरच्या आत कापला होता. ती चूक करू नका. पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, आणि टप लावून मागची खिडकी उघडी ठेवली की धूर उलटा आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बाकीच्या धुराचा वास आला हे नशीबच समजायचं. आता टोक बंपरच्या दोन इंच बाहेर आहे.

पाइप बदलला की कार्बुरेटर जुळवावेच लागतात. कार्बुरेटरमधला पिस्टन किंचित उचलला की आरपीएम पडून इंजिन मरू लागायचं, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने ते आणखी पातळ होतं. पेट्रोल वाढवायला दोन्हींचे जेट नट एकेक पैलू खाली फिरवले आणि परत पीयूसी करून घेतली. मे महिन्यात वेगळाच ताप. या इंजिनात कार्बुरेटर आणि मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक. ४५ अंशांत सीताबर्डीला दहा मिनिटं गाडी बंद केली की पेट्रोल उकळून परत स्टार्ट व्हायला रडते. मधलं हीट शील्ड नवं केल्यावर फरक पडला, पण पूर्ण नाही. पाइपाला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळायचा सल्ला मिळेल. आमच्या पावसाळ्यात ती ओली राहते, म्हणून मी टाळली.

पोलिसांनी एकदा थांबवलं. मधला सायलेन्सर असल्याने आवाज मर्यादेत होता, बघून सोडलं. आवाजाचा नियम मोडला तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि फटाके फोडणाऱ्या बुलेटवाल्यांमुळे आपल्याकडेही त्याच नजरेने बघतात.

जुनी चाळणी, म्हणजे तो पहिला सायलेन्सर, मी भंगारात दिलेली नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तसं करायचं ठरलंच तर नमुन्याला ती लागेल. सध्या माळ्यावर, कूलरच्या खसच्या पॅडांशेजारी पडून आहे. कोपऱ्यावरची पायरी गाडी आता न घासता उतरते, फक्त मागे ओझं नसावं.