मास्टोडॉनचे नऊ महिने आणि माझा पाऊस

आमचा सर्व्हर बंद होतोय, हे मला नऊ दिवस आधी कळलं. म्हणून हे लिहायला घेतलं तेव्हा पहिली ओळ शिवीच होती. ती काढली आहे. का काढली ते पुढे येईल.

मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही; वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर एकमेकांना जोडलेले. मे २०२५ मध्ये भाच्याच्या नादाने गेले. तो ज्या छोट्या सर्व्हरवर होता त्यावरच त्याने माझंही खातं काढून दिलं. सर्व्हर निवडायचा कसा, चालवतं कोण, असल्या भानगडीत मी पडले नाही. फुकट आहे म्हणाला, तेवढं पुरे झालं.

माझं तिथे काम एकच. देवरुखला आमच्या मागच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. हवामान खात्याची वेळ सकाळी साडेआठची, म्हणून मीही साडेआठलाच पाणी मोजते. आकडा, फोटो, #पाऊस, झालं. जून ते ऑक्टोबर एक दिवस चुकला नाही. मी तापाने पडले तेव्हा ह्यांना छत्री देऊन पाठवलं. पूर्वी हे सगळं वहीत असायचं. म्हटलं, आता एकच गोष्ट दोनदा कशाला लिहा? वहीचे चाळीस रुपये वाचले.

मजाही आली, खोटं कशाला बोलू. पोस्टी आल्या क्रमाने दिसतात, मध्येच कुणाच्या लग्नाचा नाच घुसत नाही. जुलैत एकदा १४३ मिलिमीटर टाकले तर जर्मनीतल्या एका बाईंनी विचारलं, दशांशचिन्ह राहिलं का? मी पागोळ्यांचा फोटो पाठवला. तेव्हापासून त्या रोज विचारायच्या, आज किती.

ऑक्टोबरात आणखी एक उद्योग झाला. १४ तारखेला विंडोज १० चा आधार संपला, आमचा २०१४ चा लॅपटॉप विंडोज ११ घेईना, आणि दुकानदार नवा गळ्यात मारायला बसलेला. भाच्याकडून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून घेतली, जुन्या यंत्राला झेपणारी, एक्सएफसीईवाली. पैसे शून्य. ‘वाऱ्याचा’ लिहिताना तो ‘ऱ’ सापडेना म्हणून दोन दिवस चिडचिड झाली. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J दाबायचं, एवढंच होतं. बाकी तक्रार नाही.

तर फेब्रुवारीत भाच्याचा फोन. “मावशी, तू खातं हलवलंस ना?”

कुठे? कशाला? सर्व्हर चालवणाऱ्याने तीन महिने आधी सूचना लावली होती म्हणे. वेबवर भोंग्याचं चिन्ह असतं, त्यात. मी बापडी फोनवर टस्की नावाचं मास्टोडॉनचं ॲप वापरते. त्यात ही सूचना बाजूच्या मेन्यूत असते, आणि तो मेन्यू मी नऊ महिन्यांत उघडला नव्हता. शिवी इथे गळली. निम्मी.

खातं हलवणं सोपं आहे. नव्या खात्यात आधी जुन्याचं नाव टोपणनाव म्हणून नोंदवायचं, मग जुन्या खात्यातून ‘हलवा’ म्हणायचं. मागे लागलेली माणसं, म्हणजे फॉलोअर, आपोआप येतात. आपण ज्यांच्या मागे आहोत त्यांची यादी फाइल काढून नव्या ठिकाणी चढवायची. पोस्टी मात्र येत नाहीत. एकही नाही. अख्खं बिऱ्हाड हलणार आणि पाऊस जुन्या घरात राहणार!

पोस्टींची प्रत मागता येते, म्हणजे अर्काइव्ह. तीही फोनवरून नाही, वेबवरच्या सेटिंगमधून. मागितली, आली. झिप उघडली तर फोटो वेगळ्या फोल्डरात, आणि मजकूर एका जेसन फाइलीत, म्हणजे यंत्राला वाचायला सोयीच्या फाइलीत, कंसांत आणि खुणांत अडकलेला, धान्यात खडे असावेत तसा. वेचत बसले. वेचताना दिसलं की ऑगस्टातले तीन आकडे चुकलेत, ३८ चे ८३ झालेत. लगेच पोस्टी दुरुस्त केल्या आणि दुरुस्त प्रत मागायला गेले.

बटणच नाही. सात दिवसांतून एकदाच प्रत मिळते.

“अगं, वहीत दुरुस्त कर की,” भाचा म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पण चुकीचा आकडा असलेली प्रत शेवटची म्हणून ठेवायची हे मला पटेना. सर्व्हर बंद व्हायला आठ दिवस, त्यातले सात थांबायचं, आणि आमच्याकडे लाईट वाटेल तेव्हा जाते. सातव्या दिवशी संध्याकाळी गेलीच. रात्री दहाला आली, सव्वादहाला बटण दाबलं, पावणेबाराला मेल आलं. फाइल उतरेपर्यंत मी मॉडेमजवळ उभी होते, जणू उभं राहिल्याने वेग वाढतो.

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत ती सूचना मी पहिल्यांदा नीट वाचली. एकच माणूस नोकरी सांभाळून सगळं चालवत होता. आपण ज्यांच्या मागे असतो त्यांच्या सर्व्हरवरचे फोटोही आपल्या सर्व्हरला साठवावे लागतात, त्यामुळे जागेचं बिल वाढतच जातं. खाली वर्गणीचा दुवा होता. नऊ महिन्यांत मी एक रुपया दिला नव्हता, वर जर्मनीच्या बाईंना रोज नवा फोटो. आता दिले पाचशे. बंद होणाऱ्या सर्व्हरला वर्गणी देणारी मी एकटीच असेन. ह्यांना सांगितलेलं नाही.

नवा सर्व्हर मास्टोडॉनच्या अधिकृत यादीतला घेतलाय. यादीत यायचं तर बंद करण्याआधी किमान तीन महिने कळवायची हमी द्यावी लागते. कळवलेलं मी वाचलं पाहिजे, हा भाग माझ्याकडे. जर्मनीच्या बाई आल्यात मागोमाग.

चाळीसची वही आता पंचेचाळीसला झालीय. घेतली. आणि फोनमध्ये दर शनिवारचा गजर लावलाय: दळण, अर्काइव्ह.