स्कॉटलंडचं लॉबिंग रजिस्टर वापरून बघितलं, मस्त आहे पण फोन सुटलाय

ताईकडे एडिनबर्गला गेलो होतो तेव्हा एका गुरुवारी हॉलिरूडला, म्हणजे तिथल्या पार्लमेंटला जाऊन बसलो, प्रवेश फुकट, एअरपोर्टसारखं चेकिंग, दुपारी 12 ला फर्स्ट मिनिस्टरवर (तिथले मुख्यमंत्रीच म्हणा) प्रश्नांचा मारा. ते ऑनलाईन पण दिसतं म्हणून त्यावर लिहित नाही. भावोजी म्हणाले खरी मजा लॉबिंग रजिस्टरमध्ये आहे, म्हणजे आपलं काम पुढे सरकावं म्हणून आमदार-मंत्र्यांना कोण भेटलं त्याची सरकारी नोंदवही, ते बघ, तर हा रिव्ह्यू त्याचा.

वेबसाईट आहे, लॉगिन नाही, पैसे नाहीत. कुठल्याही आमदाराचं नाव टाका, त्याला कोण कधी कुठे भेटलं आणि कशासाठी, सगळं समोर. मला वाटलेलं व्हिस्कीवालेच सापडतील, ते आहेतच, पण चॅरिटीवाले आणि युनिव्हर्सिट्या पण रांग लावून! आपल्या मंत्रालयातल्या सहाव्या मजल्याची अशी यादी टाकली तर पहिल्याच दिवशी सर्व्हर बसेल.

आता हे आलं कुठून. 1999 ला पार्लमेंट नवंकोरं, स्वतःची बिल्डिंग पण नाही, चर्चच्या सभागृहात बसायचे, आणि लंडनसारखी कुजबुज इथे नको, सगळं खुलं ठेवू असं ठरलेलं. तीन महिने पण झाले नाहीत तोवर ऑब्झर्व्हर या ब्रिटिश पेपरचा एक पत्रकार बिझनेसमन बनून एका पीआर कंपनीत गेला आणि तिथले लोक आमची मंत्र्यांशी किती ओळख आहे ते सांगत सुटले, हे सगळं रेकॉर्ड होतंय याचा पत्ताच नाही. त्यातला एक तर लंडन सरकारातल्या स्कॉटलंडमंत्र्यांचा, जॉन रीड यांचा, सख्खा मुलगा. स्कॉटलंडचे तेव्हाचे अर्थमंत्री जॅक मॅककॉनेल पण आधी त्याच कंपनीच्या लॉबिंगच्या धंद्यात नोकरीला होते. चौकशी झाली, मंत्र्यांनी नियम मोडले नाहीत असा निकाल आला, विषय संपला. पण 129 आमदारांचं एवढंसं गाव, काल जो पक्षाच्या ऑफिसात तो आज पीआरमध्ये, मग ओळखी असणारच ना.

कायदा यायला मात्र 2016 उजाडलं आणि रजिस्टर सुरू झालं मार्च 2018 ला. एवढं थांबून काय मिळालं तर समोरासमोरची भेट नोंदवायची, व्हिडिओ कॉल पण नोंदवायचा, पण साधा फोन आणि ईमेल माफ! मला आधी पटेचना, भावोजींना दोनदा विचारलं. दहापेक्षा कमी फुलटाईम माणसं असलेल्या संस्थेला स्वतःच्या कामासाठी भेटायला बहुतेक वेळा सूट, आणि पत्रकारितेसाठी झालेलं बोलणं पण बाहेर (हे ठीकच, नाहीतर बातमी कोण देणार).

त्यामानाने माहिती अधिकार जास्त कामाचा वाटला. तिकडे तो 1 जानेवारी 2005 पासून लागू आणि त्याच वर्षी तिथल्या टोरी म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते डेव्हिड मॅकलेची यांच्या टॅक्सीची बिलं पत्रकाराने बाहेर काढली, गडी नेतेपदावरून गेला. टॅक्सीची बिलं हो!

रेटिंग पाचपैकी साडेतीन, दीड मार्क फोनचा कापला. बघणार असाल तर आधी एकाच मंत्र्याचं नाव टाका आणि उद्देशाचा रकाना नीट वाचा, काही जणांनी पार निबंध लिहिलाय आणि काहींनी एका ओळीत उरकलंय.