बॅटमॅनचे चित्रपट: रॉबिनसह पाहावेत की रॉबिनविना?

बॅटमॅन पाहायचा हे ठरल्यावर कोणता पाहायचा, हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि सोबत दहा-बारा वर्षांचे मूल बसणार असेल तर तो अधिकच महत्त्वाचा होतो. माझ्या मते या चित्रपटांची खरी विभागणी दिग्दर्शकांप्रमाणे किंवा नटांप्रमाणे होत नाही. ती बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार रॉबिन आहे की नाही, यावर होते. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत माझा अकरा वर्षांचा भाचा आमच्याकडे राहायला आला होता, तेव्हा आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंचे बहुतेक चित्रपट पाहिले. त्या आधी मी स्वतः अनेक वर्षे ‘रॉबिन नको’ या मताचा होतो. ते मत का बदलले हे सांगताना दुसऱ्या बाजूवर अन्याय होऊ नये, एवढी काळजी घेतो.

निव्वळ चित्रपट म्हणून तोलायचे झाले तर रॉबिनविना असलेले पारडे जड आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. टिम बर्टनचा 1989 चा चित्रपट, ख्रिस्टोफर नोलनचे 2005, 2008 आणि 2012 चे तीन, आणि मॅट रीव्हजचा 2022 चा जवळजवळ तीन तासांचा चित्रपट यांत जे वातावरण आहे, जी शहराची भीती आहे, तिच्या जवळपासही रॉबिनचे चित्रपट फिरकत नाहीत. विशेषतः 2008 च्या ‘द डार्क नाइट’मध्ये लाल-हिरव्या पोशाखातला एखादा मुलगा जोकर या खलनायकासमोर उभा आहे अशी कल्पनाही करवत नाही. नोलनच्या चित्रपटांत बॅटमॅन झालेल्या ख्रिश्चन बेलने रॉबिन आला तर आपण काम करणार नाही असे उघडपणे म्हटले होते आणि त्या मालिकेपुरते त्याचे म्हणणे मला आजही पटते. शिवाय एक नैतिक अडचण आहे, जी हसण्यावारी नेता येत नाही. कागदावरच्या चित्रात मूल गोळ्यांसमोर उडी मारते तेव्हा वाचक ते चित्र म्हणून स्वीकारतो; पण पडद्यावर हाडामांसाचे मूल दिसू लागले की प्रत्येक आईबापाच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की या शहाण्या माणसाने या पोराला इथे आणलेच कसे? ज्यांना एकट्याने, रात्री, गुन्हेगारी कथा म्हणून बॅटमॅन पाहायचा आहे, त्यांनी बहुधा याच बाजूला राहावे.

रॉबिनच्या बाजूने दाखवायला चित्रपट थोडे आहेत आणि त्यांतला एकही निर्दोष नाही. 1943 ची पंधरा भागांची चित्रपटमालिका आज मुलांना दाखवण्यासारखी नाही, कारण तिच्यात युद्धकाळातला जपानी लोकांविषयीचा द्वेष भरलेला आहे. 1966 चा अॅडम वेस्ट आणि बर्ट वॉर्ड यांचा चित्रपट मुलांना मनापासून आवडतो, भाच्यालाही आवडला, पण त्यात दुःख नावाची गोष्टच नाही. जोएल शूमाकरच्या 1995 आणि 1997 च्या चित्रपटांत रॉबिन झालेला ख्रिस ओडॉनेल मेहनती नट आहे, मात्र पहिला चित्रपट आला तेव्हा तो पंचविशीत होता. पंचविशीतल्या तरुणाला एका श्रीमंत माणसाने पालक म्हणून घरी ठेवून घ्यावे हे पाहणाऱ्याला पटत नाही, आणि रॉबिनच्या पात्राचा पायाच तिथे खचतो. आश्चर्य म्हणजे 1943 च्या त्या जुन्या मालिकेतला रॉबिन, डग्लस क्रॉफ्ट, चित्रीकरणाच्या वेळी सोळा वर्षांचा होता. त्यानंतरच्या मोठ्या चित्रपटांनी रॉबिनचे वय वाढवत नेले आणि मग रॉबिन शोभत नाही म्हणून त्यालाच दोष दिला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एवढे सगळे रॉबिनच्या विरोधात असताना माझे मत फिरले ते एका त्रासामुळे. हा त्रास गल्लीचा आहे.

खेळ पाहून बाहेर पडणारे वेन दांपत्य, त्यांचा लहान मुलगा ब्रूस, म्हणजे पुढचा बॅटमॅन, अंधारी गल्ली, आईवडिलांचा जीव घेणारी बंदूक, तुटलेली मोत्यांची माळ. 1989 मध्ये ही गल्ली आहे. 2005 मध्ये आहे. 2016 मध्ये सुपरमॅनबरोबरच्या चित्रपटाची सुरुवातच तिथून होते आणि मोती संथ गतीने घरंगळतात. 2019 मध्ये जोकरची गोष्ट सांगतानाही शेवटाकडे आपल्याला त्याच गल्लीत नेले जाते. एकेकटा पाहिला तर यांतला प्रत्येक प्रसंग उत्तम चित्रित झालेला आहे. पण सुट्टीत आम्ही थोड्या दिवसांच्या अंतराने हे चित्रपट पाहत होतो आणि 2016 च्या चित्रपटात माळ तुटली तेव्हा भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, परत मोती?” तो चेष्टा करत नव्हता, कंटाळलाही नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हते की या माणसाच्या आयुष्यात त्यानंतर काहीच कसे घडले नाही. मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रसंग मला पूर्वीसारखा पाहता आलेला नाही.

विचार करता लक्षात आले की रॉबिन नसेल तर बॅटमॅनच्या दुःखाला जायला दुसरी वाटच उरत नाही. खलनायक बदलतो, गाडी बदलते, पण आतल्या माणसाविषयी काही सांगायचे झाले की कथेला मागे वळून गल्लीतच शिरावे लागते. बॅटमॅन 1939 मध्ये आला आणि एका वर्षाच्या आत, 1940 च्या एप्रिलमध्ये, डिक ग्रेसन, म्हणजे पहिला रॉबिन, आला. सर्कशीतल्या झोक्यांवर कसरती करणाऱ्या दांपत्याचा हा मुलगा, ज्याच्या डोळ्यांदेखत खंडणीखोरांनी कमकुवत करून ठेवलेल्या दोरांमुळे त्याचे आईवडील खाली पडून मरतात. लेखक बिल फिंगरने पुढे सांगितले होते की बॅटमॅनला बोलायला कोणीतरी हवे होते, जसा होम्सला वॉटसन. हे कारण लेखनाच्या सोयीचे आहे. पण त्यातून जे निर्माण झाले ते सोयीपेक्षा पुष्कळ मोठे होते. गल्लीत उभा राहिलेला मुलगा मोठा झाल्यावर दुसऱ्या एका मुलाला त्याच जागी उभा पाहतो आणि त्या वेळी त्याला सूड घेण्यापलीकडचे काहीतरी करावे लागते, त्या मुलाला घरी न्यावे लागते, जेवू घालावे लागते.

रॉबिन नको म्हणणारे चित्रपटही या गरजेतून सुटलेले नाहीत, हे मला त्या सुट्टीतच प्रथम दिसले. 2005 च्या चित्रपटात एका पडक्या वस्तीतल्या गच्चीत उभा असलेला मुलगा आहे, ज्याला बॅटमॅन आपल्याजवळचे एक उपकरण देऊन जातो. 2008 मध्ये शेवटी पोलीस अधिकारी गॉर्डनचा मुलगा आहे, जो पळणाऱ्या बॅटमॅनकडे पाहून वडिलांना प्रश्न विचारतो. 2012 मध्ये अनाथालयात वाढलेला तरुण पोलीस आहे आणि त्याचे खरे नाव तर रॉबिनच निघते. 2022 च्या चित्रपटात खून झालेल्या महापौरांचा मुलगा आहे. अंत्यविधीच्या वेळी ब्रूस त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर त्या चित्रपटातली मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट आहे, आणि शेवटी पुराच्या पाण्यात बॅटमॅनने पुढे केलेला हात प्रथम धरतो तोही हाच मुलगा. या चित्रपटाने गल्ली दाखवली नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. पण म्हणूनच वाटते की गल्ली टाळता आली ती या मुलामुळे. रॉबिनची जागा रिकामी ठेवली तरी ती भरून काढायला प्रत्येक वेळी एखादे मूल आणावेच लागते, फक्त त्याला कथेत राहू दिले जात नाही.

चित्रकथांनी तर हा प्रयोग करून पाहिलेला आहे. 1988 मध्ये दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यासाठी वाचकांची दूरध्वनीवरून मते घेतली गेली. त्याने मरावे यासाठी 5,343 आणि जगावे यासाठी 5,271 मते पडली. केवळ 72 मतांच्या फरकाने तो गेला. आणि लगेच 1989 मध्ये टिम ड्रेक हा नवा मुलगा आला, तोही हे ओळखून की एकटा पडलेला बॅटमॅन अधिकाधिक हिंस्र होत चालला आहे आणि त्याला रॉबिनची गरज आहे. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी मराठी इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ वाचला, त्यांना कवटीच्या गुहेत वेताळाजवळ वाढणारा रेक्स कधी अडचणीचा वाटला नाही; उलट त्याच्यामुळे ती गुहा घर वाटायची.

रॉबिनच्या बाजूचे चित्रपट सदोष असूनही जिथे ते हा धागा पकडतात तिथे ते मला रॉबिनविना असलेल्या चित्रपटांपेक्षा पुढे गेलेले दिसतात. 1995 च्या चित्रपटातही गल्लीच्या आठवणी आहेत, पण तिथे ब्रूस त्या आठवणी डिकच्या उपयोगी आणतो आणि सूड घेतल्याने वेदना संपत नाही हे त्याला समजावू पाहतो. 2017 च्या लेगो चित्रपटात भल्यामोठ्या वाड्यात एकटा बॅटमॅन मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम होण्याची वाट पाहत उभा असतो. तो प्रसंग विनोदी आहे, पण त्या एकटेपणाचे इतके सरळ चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही, आणि मग रॉबिन घरात येतो तेव्हा चित्रपटाला खरा विषय सापडतो. मात्र सर्वांत चांगला रॉबिन चित्रपटात नाहीच. तो 1992 मध्ये सुरू झालेल्या सचेतपटांच्या (अॅनिमेशनच्या) मालिकेत, ‘रॉबिन्स रेकनिंग’ या दोन भागांच्या कथेत आहे, जिच्या पहिल्या भागाला 1993 मध्ये एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला. तिथला डिक खरोखर लहान आहे. ब्रूस रोज रात्री त्याच्या आईवडिलांच्या खुन्याला शोधायला बाहेर पडतो आणि पोरगे वाड्यात एकटेच राहते, हे घरचा जुना सेवक आल्फ्रेड त्याला दाखवून देतो. मग ब्रूस त्याच्याजवळ बसतो. हे दुःख कधी जाते का, असे मूल विचारते, आणि ब्रूसला होय म्हणता येत नाही; काळाबरोबर ते थोडे सुसह्य होते, एवढेच तो सांगतो. भाचा तो भाग संपेपर्यंत एक शब्दही बोलला नाही आणि नंतर त्याने तो पुन्हा लावायला सांगितला.

रॉबिन असलेला नवा मोठा चित्रपट दिग्दर्शक-निर्माता जेम्स गनने 2023 च्या जानेवारीत जाहीर केला, पण त्यातला रॉबिन डेमियन वेन, म्हणजे बॅटमॅनचा सख्खा मुलगा आहे. मला त्याची उत्सुकता आहे, तरी थोडी धास्तीही वाटते, कारण डिकच्या कथेचे सगळे बळ तो परक्याचा मुलगा असण्यात आहे. रक्ताचे नाते आले की ब्रूसने दार का उघडले हा प्रश्नच उरत नाही.

निवड करायचीच असेल तर मी असे सुचवेन, अर्थात प्रत्येक घरातले मूल वेगळे असते हे धरून: आधी सचेतपटाचे ते दोन भाग, मग लेगोचा चित्रपट, आणि मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की 2022 चा. भाच्याला मी तो थोडा लवकरच दाखवला, त्यातले खून त्याच्या वयाला जड होते आणि तेवढे भाग मला पुढे सरकवावे लागले. पण पुराच्या पाण्यातला तो हात त्याने नीट पाहिला. चित्रपट संपल्यावर त्याने बॅटमॅनविषयी काहीच विचारले नाही. महापौरांचा मुलगा पुढच्या भागात असेल ना, एवढेच त्याला हवे होते.