सकाळी 11 ते 1: सागरी संवर्धनाच्या ‘फील्ड कोर्स’मध्ये आमचे 1,56,250 रुपये कसे गेले

आधी आकडे लिहून टाकते, नाहीतर पुन्हा हात आखडेल. नोंदणी 1,500. पहिला हप्ता 12,000. दुसरा हप्ता 12,000. डायव्हिंग किटची अनामत 4,000. ‘वनखात्याच्या परवानगीचं शुल्क’ 1,750. एकूण 31,250 रुपये. मी आणि माझ्या भरवशावर आलेल्या चार ज्युनिअर मुली, अशा पाच जणींचे मिळून 1,56,250. माझा दुसरा हप्ता आईच्या भिशीतून गेला. बाबांना अजून माहीत नाही.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘समुद्राचंच शिकतेस आणि समुद्रावरच फसलीस?’ हे वाक्य ऐकून झालंय, तेव्हा ते कोणी पुन्हा लिहू नये.

जाहिरात तुम्ही पाहिलेली असेल, किंवा तिची बहीण पाहिली असेल. दहा दिवस. मालवण सागरी अभयारण्यात प्रत्यक्ष काम. प्रवाळांचा सर्व्हे, कासवांची पिल्लं, खडकाळ किनाऱ्यावरच्या जिवांची मोजणी, ओपन वॉटर डायव्हिंगचं कार्ड आणि वर दोन क्रेडिट्स. शेवटच्या सहा जागा उरलेल्या. त्या जागा आठवडाभर सहाच होत्या. क्यूआर कोड आला तो एका माणसाच्या नावाचा. विचारलं तर म्हणे संस्थेचं खातं ऑडिटमुळे अडकलंय. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

मग मी का भरले? आम्ही समुद्र बघतो तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत. विभागाची सहल म्हणजे दोन दिवस, चाळीस मुलं, एक चतुष्कोन (तोच तो एक मीटर बाय एक मीटरचा चौकट, जो पहिल्या खडकावरच मोडतो). पीएचडीच्या मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न: फील्डचा अनुभव काय? चांगले फील्ड कोर्स आहेत, पण तिथे जागा मोजक्या आणि अर्ज शेकड्यांनी. दोनदा नकार आलेल्या मुलीला तिसऱ्यांदा ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे’ असं कोणी कळवलं की ती प्रश्न विचारत नाही. निवडीसाठी मुलाखतच झाली नव्हती, हेही तेव्हा खटकलं नाही.

जाहिरातीच्या पहिल्याच पानावर वाळूत हजारो कासवं होती. हजारो! सामूहिक विणीचा, म्हणजे अरिबाडाचा फोटो. ते ओडिशात होतं, गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला. आपल्या कोकणात ऑलिव्ह रिडले एकेकटी येते, रात्री, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. हे मी सेमिनारमध्ये बोललेली आहे, स्लाइडसकट. फोटो पाहून मी काय म्हटलं? ‘डिझाइनरने कुठूनतरी उचलला असेल.’ यांची वकिली मीच करत होते, तीही फुकट.

पण फोटो सोडा. ज्यासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही ते तिसऱ्या पानावर होतं. वेळापत्रक. छान रंगीत तक्ता, दहा दिवसांचा. आणि त्यात दहाही दिवस एक ओळ तशीच: ‘सकाळी 11 ते 1, इंटरटायडल सर्व्हे.’

पुन्हा वाचा. दहाही दिवस, 11 ते 1.

ओहोटी रोज पाऊण तासाने, कधी त्याहूनही जास्त पुढे सरकते. भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंतचा किनारा मोजायचा तर समुद्र सांगेल त्या वेळी जावं लागतं. कधी पहाटे पाचला बॅटरी घेऊन, कधी संध्याकाळी सहाला. ज्याने आयुष्यात एकदाही हे काम केलंय तो माणूस दहा दिवस एकच वेळ छापूच शकत नाही. खऱ्या फील्ड कोर्सचं वेळापत्रक ओबडधोबड असतं, रोज वेगळं, जेवणाच्या वेळासुद्धा सरकलेल्या. हा तक्ता एखाद्या क्लासचा होता. ट्यूशन क्लासचा. मी तो प्रिंट काढून हॉस्टेलच्या भिंतीवर चिकटवला होता. पंधरा दिवस रोज दात घासताना बघत होते.

फेब्रुवारीत गेलो. पहिला दिवस अष्टमीचा. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणून 11 ते 1 निभावून गेलं. भांगाची ओहोटी, पाणी फार मागे हटत नाही, तरी थोडे खडक उघडे पडले. आम्ही दोरी टाकली, चौकट ठेवली, शंख मोजले, समुद्रफुलं मोजली. मी खूश. दुसऱ्या दिवशी 11 वाजता पाणी जरा वर. तिसऱ्या दिवशी आणखी वर. ‘सर’ म्हणाले, सध्या समुद्र खवळलेला आहे. समुद्र ताटलीसारखा शांत होता.

आठव्या दिवशी पौर्णिमा. अकरा वाजता आमचा खडकच नव्हता. आम्ही पाच मुली गळ्यात शिट्ट्या अडकवून पाण्याकडे बघत उभ्या. शेजारी होडीला रंग देणारे एक काका बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “गो बाय, आज पुनव. अकराक पाणी भरलेला असतला. तुमच्या सरांका म्हायत नाय?” आणि मग हिशेब शिकवला, जो मला पाच वर्षांच्या शिक्षणात कोणी शिकवला नव्हता: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी बाराला. झालं. कोर्सची किंमत वसूल करणारी एवढी एकच गोष्ट मला त्या किनाऱ्यावर मिळाली आणि ती देणाऱ्याने एक रुपया घेतला नाही. ते आणखी एक म्हणाले ते लक्षात ठेवा: कालवं काढणाऱ्या बायका खडकावर दिसत नसतील, तर तुमची वेळ चुकलेली आहे.

त्या दिवशीचे तक्ते कोरे राहिले असते तर मी आज एवढी चिडले नसते. पण ‘सरां’नी मागच्या बॅचचे तक्ते काढले आणि म्हणाले, थोडे वर-खाली करून भरा. मी भरले. चार ज्युनिअरनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांनीही भरले. शिंपले 14 होते, आम्ही 11 केले, 17 केले. संवर्धनाचं काम!

बाकीचं पटकन सांगते. कासवांचं ‘मोड्यूल’ म्हणजे शेजारच्या गावात कासवमित्र पिल्लं सोडतात ते लांबून बघणं, जे कोणीही पर्यटक जाऊन बघतो. डायव्हिंग म्हणजे वीस मिनिटं, एका पोऱ्याने मागून सिलिंडर धरून ठेवलेला, वर व्हिडिओ. ओपन वॉटरच्या कार्डासाठी खुल्या पाण्यात चार डाइव्ह प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पूर्ण कराव्या लागतात, त्याआधी तलावातला सराव आणि लेखी परीक्षा. पॅडीसारख्या डायव्हिंगची कार्डं देणाऱ्या संस्थेच्या प्रशिक्षकाचा सभासद क्रमांक तिच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. पैसे देण्याआधी तो क्रमांक मागा. क्रमांक द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडे क्रमांक नसतो. क्रेडिट्स? ती जमा होतात एबीसीच्या, म्हणजे अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात, नोंदणी असलेल्या शिक्षणसंस्थेकडूनच. आम्हाला मिळालं ते जाड कागदावरचं प्रशस्तिपत्र, सोनेरी काठाचं. दहा दिवसांचा कोर्स नवव्या दिवशी सकाळी गुंडाळला. अनामत ‘किटच्या झिजेपोटी’ जप्त.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे पुढचं सगळं बिघडलं. सहाव्या दिवशी स्नॉर्केलिंग करताना ‘सरां’नी प्रवाळाचा एक तुकडा तोडून वर आणला आणि नमुना म्हणून आमच्या हातात फिरवला. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ जिथे आहे तिथेच. मला हे माहीत होतं. मी तुकडा हातात घेतला, फोटो काढला, पुढे दिला.

आता अधिकाऱ्यांचं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. दोन तास बाकावर. मग प्रश्न: “कोर्स झाला ना? समुद्रावर नेलं ना? सर्टिफिकेट दिलं ना? मग फसवणूक कसली, मॅडम? हा दिवाणी मामला.” मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 म्हटलं तर हवालदार हसले, “लॉ करता का?” अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाले, घटना सिंधुदुर्गातली, तिकडे जा. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हे मी छापून नेलं होतं. कागद बघितलाही नाही. सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, 1930 वर फोन केला. तिथल्या बाई निदान नीट बोलल्या, पण पैसे जाऊन पाच आठवडे झाले होते, तेवढ्यात ते खात्यातून कधीच निघून गेलेले. तो नंबर पैसे गेल्याच्या तासाभरात लावायचा असतो. आम्ही तर तेव्हा बॅगा भरत होतो.

मग ती 1,750 ची परवानगी. मालवणचं अभयारण्य 1987 सालचं, अवघं 29 चौरस किलोमीटर, आणि त्यात अभ्यासासाठी उतरायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आम्हाला मोबाइलवर शिक्क्याच्या पत्राचा फोटो दाखवला होता. पत्रावर जावक क्रमांक नव्हता. (सरकारी पत्र आणि जावक क्रमांक नाही! माझी आई जिल्हा परिषदेत लिपिक आहे. तिला एकदा दाखवलं असतं तर.) वनखात्याच्या एका कार्यालयात गेले. साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेले, साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा भेटले आणि तोंडी म्हणाले, असा अर्जच आमच्याकडे आलेला नाही. म्हटलं, तेवढं लेखी द्या. साहेबांनी माझ्या तक्रारीची प्रत उलटली, प्रवाळाच्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे विनापरवानगी आत तुम्ही पण होता. हा फोटो तुम्हीच काढलाय. विचार करा, काय लिहून द्यायचं ते.”

मी घरी आले.

माझी चूक होती, मान्य. पण त्या खोलीत गुन्हेगार म्हणून बसलेली मी एकटीच होते. ज्याने तुकडा तोडला त्याची जाहिरात त्या दिवशीही सुरू होती, पुढच्या बॅचची, पुन्हा सहा जागा. ज्यांचं काम ते थांबवणं, त्यांना तक्रार करणारीला घाबरवणं सोपं वाटलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं. मुदत तीस दिवसांची, उत्तर चौतिसाव्या दिवशी: ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ याचा अर्थ परवानगी नव्हती की कागद हरवला, कोणी सांगावं. अपील टाकलंय. विद्यापीठात गेले तर, तुम्ही आमच्यातर्फे गेला होता का? नाही ना? मग.

सध्या जे हलतंय ते एवढंच: जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वकील लागत नाही म्हणतात. लागतो. पण कागद हवेत: पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट, जाहिरात आणि ते वेळापत्रक. माझ्या तक्रारीला जोडलेलं पहिलं परिशिष्ट तो भिंतीवरून उतरवलेला कागदच आहे. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. शेजारी पंचांगाचं पान जोडलंय.

असल्या कोर्सला जाणार असाल तर फोनवर एवढंच विचारा: पहिल्या दिवशी ओहोटी किती वाजता? ‘कळवतो’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. आणि परवानगीचं पत्र फोटोत बघू नका, प्रत मागा, जावक क्रमांकासह.

एक लिहायचं राहिलं. चार जणी आणल्यास नोंदणी परत, अशी योजना होती. मला ते 1,500 परत आले होते, कोर्सच्या आधीच, आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला तेव्हा ती सवलत वाटली. ते कमिशन होतं. गेल्या आठवड्यात चौघींना सांगितलं आणि प्रत्येकीला 375 रुपये पाठवले. तिघींनी ठेवून घेतले. चौथीने ते तासाभरात परत पाठवले, सोबत एक शब्द न लिहिता. आयोगापुढच्या तक्रारीत सहीसाठी तिचीही गरज आहे. अजून विचारायचा धीर झालेला नाही.