जत्रेच्या रंगमंचासाठी: ‘संशयकल्लोळ’ की ‘मोरूची मावशी’?

गोव्यातील देवळांच्या जत्रांत, पालखी आटोपल्यावर सुरू होणाऱ्या उत्सवी नाटकासाठी प्रेम, श्रीमंती आणि गैरसमज यांचे विनोदी मिश्रण हवे असेल, तर ही दोन नाटके हमखास समोर येतात.

१९१६ साली रंगभूमीवर आलेले देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ फ्रेंच नाटककार मोलिएरच्या कथानकावर बेतलेले आहे. मूर्च्छित रेवतीला सावरणारे फाल्गुनराव त्यांची बायको कृत्तिका हिला दिसतात आणि कृत्तिकेच्या हाती लागलेली, रेवतीचा प्रियकर अश्विनशेट याची तसबीर फाल्गुनरावांना दिसते. तेवढ्यावर दोन घरांत भडका उडतो. येथे कोणीही सोंग घेत नाही, प्रत्येक जण आपल्याच डोळ्यांनी फसतो, म्हणून विनोद माझ्या मते अधिक खोल आहे. मात्र गाणारे नट आणि ऑर्गन-तबल्याची चोख साथ नसेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

अत्र्यांचे ‘मोरूची मावशी’ ब्रँडन थॉमस यांच्या १८९२ च्या इंग्रजी प्रहसनावरून घेतलेले. पुरुषाने रंगवलेली मावशी आणि मग खऱ्या मावशीचे आगमन, एवढ्यावर ते तरते. लुगडे सावरत धावणारा चपळ नट गावात असला, की मध्यरात्रीनंतर पेंगणारे प्रेक्षकही जागे राहतात. पहिलाच प्रयत्न करणाऱ्या हौशी मंडळाने हेच निवडावे.