गाळात सापडलेले राणीछाप रुपये : एका फसवणुकीची हकीकत

चांदीचे जुने रुपये ‘जमिनीतून निघाले’ असे सांगून विकण्याची फसवणूक नवी नाही. परंतु खानदेशातल्या उन्हाळ्यात ती किती सहज चालते, याचा अनुभव मला अमळनेरला स्वतःच्या घरी आला. बनावट नाणी, खरी वाटणारी हकीकत आणि घेणाऱ्याच्या मनात घातलेली भीती या तिन्ही गोष्टी त्यात अशा गुंफलेल्या असतात की, पैसे गेल्यावरही माणूस गप्प बसतो. नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांसाठी तर मी हे लिहीत आहेच, पण ज्यांच्या घरी आजीच्या पेटीत चार राणीछाप रुपये आहेत आणि त्यांत भर पडली तर हवीच आहे, त्यांनीही हे वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नाण्यांचा छंद माझ्याकडे सासऱ्यांकडून आला, परसबाग मात्र माझी स्वतःची आहे. होळीच्या आधी गवार, भेंडी आणि चवळी टोकायची, कुंपणालगत गिलकी आणि दोडकी चढवायची, असा दरवर्षीचा क्रम असतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे पश्चिमेच्या बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा आडोसा, वरून हिरवी नेट आणि वाफ्यांवर केळीच्या वाळलेल्या पानांचे आच्छादन केल्याशिवाय रोपे तग धरत नाहीत. एवढे करूनही मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही, म्हणून तलावातला गाळ मिसळावा लागतो. गाळाचे बारीक कण पाणी धरून ठेवतात. मात्र नुसता गाळ टाकला तर वाफा कडक होऊन भेगाळतो, म्हणून त्यात चांगले कुजलेले शेणखत घालणे आवश्यक असते. पाणी आटले की धरणा-तलावांतून गाळ उपसण्याचे काम सुरू होते, आणि २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आल्यानंतर उन्हाळ्यात गाळाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसणे ही नित्याची गोष्ट झाली आहे. ज्याने मला फसवले, तो माणूस अशीच एक ट्रॉली घेऊन आमच्या दारात आला होता.

त्याने दिलेला गाळ उत्तम होता आणि भावही रास्त होता, हे येथे मुद्दाम नमूद करते. बागेच्या कामासाठी येणाऱ्या माणसाला घराची माहिती न विचारता मिळत जाते. घरी दुपारी कोण असते, पैशांचे व्यवहार कोण पाहते, मागच्या पडवीत काय ठेवलेले असते, हे सर्व त्याच्या डोळ्यांखालून जाते. पडवीतल्या कपाटात नाण्यांचे ट्रे आहेत हे त्याने पाहिले, एकदोनदा कुतूहलाने विचारलेही, आणि पुढच्या खेपेला कागदाच्या पुडीत बांधलेला एक रुपया माझ्या हातावर ठेवला. शिरपूर तालुक्यात थाळनेरच्या बाजूला तापीकाठी गाळ भरताना हा सापडला, असे त्याचे म्हणणे होते.

थाळनेरचे नाव त्याने विचार करूनच घेतले असावे. फारुकी घराण्याची सत्ता चौदाव्या शतकाच्या अखेरीस तेथूनच सुरू झाली, पुढे बुऱ्हाणपूर राजधानी झाली आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर खानदेश अकबराच्या ताब्यात गेला, हे आमच्या भागातल्या बहुतेक संग्राहकांना ठाऊक असते. थाळनेरच्या मातीत काही सापडले असे कोणी म्हटले, की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात.

तो पहिला रुपया अस्सल होता. १८६२ सालचा, मुकुटधारी व्हिक्टोरिया राणीचा. शहरातल्या सराफाने कसोटीवर घासून आणि काट्यावर तोलून तो खरा असल्याचे सांगितले. या नाण्याच्या निवडीतही हिशेब होता, हे मला नंतर उमगले. १८६२ हे साल टाकसाळींनी पुढे बरीच वर्षे तसेच ठेवून रुपये पाडले, त्यामुळे त्या सालाचा रुपया बाजारात मुबलक आहे आणि आमिष म्हणून तो हातचा गेला तरी विकणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. घेणाऱ्याचा मात्र त्या एका नाण्यामुळे पुढच्या सर्व नाण्यांवर विश्वास बसतो.

काही दिवसांनी तो संध्याकाळी उशिरा आला. सोबत चिखलाने माखलेले एक तांब्याचे भांडे आणि त्यात ६० रुपये होते. भाऊ दवाखान्यात आहे, पैसे आजच लागतील, आणि ते रोखच हवेत, असे त्याने सांगितले. प्रत्येकी ८०० रुपये भाव ठरला. एका रुपयातल्या नुसत्या चांदीची किंमत त्याहून अधिक होते, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. नाण्यांवर गाळाचा थर वाळलेला होता. तो धुऊ नका, धुतल्याने जुन्या नाण्याची किंमत उतरते, असे त्याने बजावले. नाणे घासूनपुसून चकचकीत केले की संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मोल घटते, ही गोष्ट अगदी खरी आहे, आणि म्हणूनच त्याच्या तोंडी ते वाक्य अधिक विश्वासार्ह वाटले. वस्तुतः गाळाच्या थराने नाण्यांचे कमी वजन आणि त्यांच्या कडा दोन्ही झाकले गेले होते. निघताना त्याने आवाज खाली आणून सांगितले, “ताई, हाई कोनले सांगू नका. सरकारले समजनं ते तुमलेबी तरास, आमलेबी तरास.” ४८,००० रुपये घेऊन तो गेला आणि त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

दुसऱ्या दिवशी नाणी साध्या पाण्यात भिजत ठेवली, तेव्हा सारा थर काही मिनिटांत विरघळून भांड्याच्या तळाशी बसला. वर्षानुवर्षे जमिनीत राहिलेल्या चांदीवर काळपट, चिवट पापुद्रा धरलेला असतो आणि तो असा पाण्याने सुटत नाही. येथे चिखल निघाल्यावर खाली फिकट, किंचित पिवळसर झाक असलेला धातू दिसू लागला. मग प्रत्येक नाणे काट्यावर ठेवले. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सर्वत्र एकसारखा रुपया सुरू केला, त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते. सराफकट्ट्यावरचा जुना तोळाही तेवढाच. पुढे राज्यकर्ते बदलले, मुखवटे बदलले, पण रुपयाचे वजन तेच राहिले. फार वापरलेल्या नाण्यात झिजेमुळे थोडी घट येते. माझ्यासमोरच्या नाण्यांचे वजन मात्र साडेनऊ ते दहा ग्रॅमच्या आसपास भरत होते, आणि ती झिजलेली तर मुळीच दिसत नव्हती.

भिंग घेऊन कडा पाहिल्या, तेव्हा उरलेली शंकाही गेली. अस्सल रुपया दोन ठशांच्या मध्ये दाबून पाडलेला असतो, त्यामुळे कडेच्या उभ्या खाचा सारख्या आणि स्पष्ट असतात. या नाण्यांच्या कडेवर मधोमध एक बारीक रेघ फिरत होती. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे ओतीव वस्तूवर अशी रेघ येते. राणीच्या गालावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती आणि अक्षरांच्या कडा बोथट होत्या. सर्वांत बोलका पुरावा वेगळाच निघाला. व्हिक्टोरियाच्या अकरा रुपयांवर, कानाच्या खाली, एकाच जागी, एकाच लांबीचा, एकाच दिशेने गेलेला ओरखडा होता. अकरा नाणी शंभर वर्षे वेगवेगळ्या हातांतून फिरली असती, तर त्या सर्वांना तोच ओरखडा पडणे शक्य नव्हते. ज्या मूळ नाण्यावरून साचा घेतला, त्यावरचा तो ओरखडा होता.

त्या ढिगात १९११ सालचे पंचम जॉर्जचे चार रुपये होते. हे साल संग्राहकांना फार हवे असते, कारण त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, ती नाणी मागे घेण्यात आली आणि पुढच्या वर्षापासून हत्ती नीट कोरला गेला. माझ्या चारही रुपयांवर साल १९११ होते, पण हत्तीची सोंड मात्र लांब आणि सुबक होती. नंतरच्या सालाच्या स्वस्त रुपयावरून साचा घेऊन त्यावर साल तेवढे बदलले होते. षष्ठ जॉर्जच्या १९३८ च्या रुपयातील शेवटचा आकडा कोरून तो १९३९ चा दुर्मीळ रुपया म्हणून विकणारेही असतात, तेव्हा शेवटचा आकडा भिंगाखाली पाहिल्याशिवाय ते साल कोणीही खरे मानू नये.

नाणी जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाची, असल्याचे सराफाने सांगितले. अनेकजण लोहचुंबक लावून पाहतात आणि नाणे चिकटले नाही म्हणजे चांदी, असे समजतात. पण जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाही. कसोटीवर घासावे, तर नाणे खराब होते, म्हणून कोणी सगळी नाणी घासत नाही, आणि वरून चांदीचा मुलामा असेल तर हलक्या घासण्याने तेही कळत नाही. नाण्याला इजा न करता करायची सर्वांत खात्रीची घरगुती परीक्षा पाण्यातल्या वजनाची आहे. लहान डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला किंवा बाजूला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावे. काट्यावर जो आकडा येईल, त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के असल्याने उत्तर १०.३ च्या जवळपास यायला हवे. माझ्या नाण्यांचे उत्तर पावणेनऊच्या आत राहिले. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, त्यांना हा आकडा लावू नये. खऱ्या चांदीत पाडलेल्या नकलाही बाजारात असतात, त्यामुळे या परीक्षेत नाणे उतरले तरी कडा, अक्षरे आणि चित्र ताडून पाहणे सुटत नाही.

आता त्या “कोनले सांगू नका” या शब्दांकडे वळते, कारण माझ्या मते या फसवणुकीचे खरे बळ धातूपेक्षा त्या शब्दांत आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. ‘गाळात सापडले’ हे ऐकून घेणाऱ्याला ठाऊक असते की हा माल उघडपणे घ्यायचा नाही. तो कोणाला विचारत नाही, पावती मागत नाही, जाणकाराला दाखवत नाही, आणि फसल्याचे कळल्यावर पोलिसांकडे जायलाही कचरतो. घरातही माझ्याबाबतीत पहिली प्रतिक्रिया ‘झाले ते झाले, बोभाटा नको’ हीच होती. म्हणून जमिनीतून निघालेल्या नाण्यांची गोष्ट कानावर आली, की नाणे अस्सल असो वा बनावट, खरेदीचा विचार तेथेच थांबवावा. अस्सल असेल तर ते विकण्याचा त्याला अधिकार नाही, आणि त्या नाण्याबरोबर ते कोठे, कशात, कशासोबत सापडले ही इतिहासाला मोलाची असलेली माहितीही कायमची नष्ट होते. याचे मला व्यक्तिशः फार वाईट वाटते.

याला जोडूनच आणखी एक प्रकार सांगायला हवा. नाण्यांची छायाचित्रे मी समाजमाध्यमांवर मत विचारण्यासाठी टाकली, तेव्हा दोन दिवसांत फोन सुरू झाले. ही नाणी २० लाखांना घेतो, फक्त नोंदणी शुल्क आणि जीएसटी आधी भरा, असे सांगत रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्रही पाठवले गेले. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे किंवा ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट यांना लाखो रुपये मिळतात, या जाहिरातीही त्याच जातीच्या आहेत. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन काढून स्पष्ट केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. अशा ठिकाणी ऑनलाइन पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

माझ्या प्रकरणात रोख रक्कम गेली होती, म्हणून मी पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची लेखी तक्रार दिली आहे. जी नाणी मुळात जमिनीतून निघालीच नव्हती, त्यांच्याबद्दल निखात निधी कायद्याची धास्ती बाळगण्याचे कारण उरले नव्हते. नाणी, ते तांब्याचे भांडे, पुडीचा कागद आणि फोन क्रमांक हे सर्व मी जसेच्या तसे जपून ठेवले होते, आणि तक्रार देताना त्याचाच उपयोग झाला. एकाच साच्यातून निघालेली नाणी साठावर थांबलेली नसणार, हे उघड आहे. धुळे, नंदुरबार किंवा जळगाव जिल्ह्यांत कोणाकडे व्हिक्टोरिया राणीचे असे रुपये आले असतील, ज्यांवर कानाखालून मानेकडे उतरणारा सुमारे तीन मिलिमीटर लांबीचा तिरपा ओरखडा आहे, किंवा १९११ चे असे रुपये, ज्यांवरच्या हत्तीची सोंड लांब आहे, तर त्यांनी ती वितळवायला देऊ नयेत, मोडीतही घालू नयेत. आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात नाण्यांसह तक्रार द्यावी आणि अमळनेरला अशीच तक्रार नोंदवली गेली आहे, हे तेथे अवश्य सांगावे.