टीव्हीची वाढीव वॉरंटी : कंपनीची, दुकानाची की कुणाचीच नको?

टीव्ही पसंत पडला, घासाघीस झाली, की बिल करता करता विचारणा होतेच : "वॉरंटी वाढवून घेताय ना? तीन वर्षं टेन्शन नाही." या तीन वर्षांत कंपनीचं पहिलं वर्ष बहुधा धरलेलं असतं, म्हणजे पैसे मोजायचे ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे. इलेक्ट्रॉनिक वस्तू सहसा एक तर सुरुवातीच्या काही महिन्यांत दगा देते, नाहीतर भरपूर वापरून झाल्यावर. मधला काळ त्यातल्या त्यात निवांत, आणि विकला जातो तो नेमका हाच.

तरी सरसकट "नको" म्हणवत नाही, ते पॅनेलमुळे, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्यामुळे.

टीव्हीतला पॉवर सप्लायचा बोर्ड जातो, मदरबोर्ड जातो, पडद्यामागच्या बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या जातात. आवाज येतोय पण पडदा काळा, आणि अंधारात पडद्यावर तिरकी बॅटरी मारली की चित्र अंधुकसं हलताना दिसतंय, तर बॅकलाइट गेला समजायचं. असली कामं चांगला मेकॅनिक बहुतेक वेळा काही हजारांत करून देतो. उभ्या रेषा आल्या किंवा अर्धा पडदा पांढरा पडला तर मात्र बहुधा पॅनेल, आणि ते बदलायचा खर्च टीव्हीच्या निम्म्या किमतीच्या सहज पुढे जातो. वॉरंटी वाढवायची ती या एका खर्चापायी. त्यातही काही कंपन्या दुसऱ्या वर्षी फक्त पॅनेलची वॉरंटी मुळातच देतात. तुमच्या कार्डावर तसं छापलेलं असेल, तर पॅनेलपुरतं तुम्ही एकच वर्ष विकत घेताय.

कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा महाग पडते. पण माणूस तिचाच, सुटा भाग तिचाच, आणि टोलवाटोलवीला जागा कमी.

दुकानाचा किंवा तिऱ्हाईत कंपनीचा प्लॅन स्वस्त असतो, हप्त्यातही बसवून देतात. खरी मेख असते घसाऱ्यात, म्हणजे टीव्ही जुना होत जाईल तशी धरलेल्या किमतीच्या घटीत. टीव्ही दुरुस्त करणं परवडत नाही असं त्यांनी ठरवलं, की अनेक प्लॅनमध्ये मूळ किंमत मिळत नाही, घसारा वजा करून उरेल ते मिळतं. समजा टीव्ही ४०,००० रुपयांचा आणि तिसऱ्या वर्षाचा घसारा ४० टक्के, तर हातात २४,०००. तेही कधी कधी त्याच दुकानाच्या व्हाउचरच्या रूपात! काउंटरवरचा माणूस "सगळं कव्हर होतं" म्हणेल. त्याला तीनच गोष्टी विचारा : घसारा किती, पैसे की व्हाउचर, आणि दुरुस्तीला येणार कोण? उत्तरं छापील अटींमध्ये दाखवायला सांगा.

दोन्ही प्रकारांत सहसा काय बसत नाही, ते आपल्याकडे जास्त महत्त्वाचं. फुटलेला पडदा बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन असतो. घरात बॅटबॉल चालत असेल तर तोच बघा. व्होल्टेजचा झटका, पडलेली वीज, आत शिरलेल्या पाली, झुरळं, उंदीर हेही बहुधा बाहेरच. वळीव किंवा परतीचा पाऊस गडगडायला लागला की नुसता टीव्हीचा प्लग काढून भागत नाही. गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून झटका सेट-टॉप बॉक्समध्ये येतो आणि तिथून एचडीएमआयच्या वायरीने थेट टीव्हीत. ती केबलही काढायला हवी. जिथे विजेचा भरवसा नाही, तिथे वॉरंटीच्या पैशात स्टॅबिलायझर आणलेला बरा.

माझा हिशेब सांगतो. ३२ इंची साध्या टीव्हीला काही घेऊ नका, ते पैसे बाजूला टाका. ४३ इंचीला कंपनीचा प्लॅन किमतीच्या पाच-सहा टक्क्यांत मिळाला तर विचार करा, दुकानाच्या प्लॅनसाठी जीव टाकू नका. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे उद्या नवा घेणंही पूर्वीइतकं जड नाही. ५५ इंचांच्या पुढचा किंवा ओएलईडी (ज्याच्या पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) असेल तर वॉरंटी घ्या, आणि कंपनीचीच घ्या. मात्र ओएलईडीवर दिवसभर बातम्या चालू राहिल्या तर चॅनेलच्या लोगोचा कायमचा डाग पडू शकतो. तो वॉरंटीत धरतात का, हे आधी विचारा. तालुक्याच्या गावी राहत असाल तर या सगळ्याआधी कंपनीचा सर्व्हिसवाला तिथवर येतो का ते बघा. येत नसेल तर कुठलाच कागद उपयोगाचा नाही.

आणि काउंटरवर घाई करू नका. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत वाढीव वॉरंटी विकतात. तुमची कंपनी कधीपर्यंत देते ते त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा, तोवर टीव्ही कसा चालतोय तेही कळेल. ऑनलाइन घेताना पैसे भरण्याआधी यादी वाचा. न विचारता प्लॅन टोपलीत टाकणं डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्या, रोखण्याच्या २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार चुकीचं आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. दुकानातून घेतलात तर बिलावरचा सीरियल नंबर टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरशी ताडून पाहा, आणि तो टीव्ही भिंतीवर चढवायच्या आधी.